इतर हक्कातला बोजा

आमच्या सायखेड्यात ‘माजी’ हा स्वतंत्र हुद्दा आहे. आजी माणसाला कामं असतात, माजीला नुसता मान असतो, आणि तोही लग्नपत्रिकेत छापून घ्यावा लागतो. माजी सरपंच, माजी चेअरमन, माजी उपसभापती. लग्नात माईकवरून ही यादी वाचून होईपर्यंत अक्षता मुठीत ओल्या होतात. खुर्चीवर असताना ज्याच्या नावाने पारावर रोज सकाळी खडे फोडले जायचे, तोच माणूस काही वर्षांनी फेटा बांधून पुढच्या सोफ्यावर बसलेला दिसतो. आणि खडे फोडणारे शेजाऱ्याच्या कानात सांगत असतात, ‘काही म्हण, पण अण्णांच्या काळात कामं झाली.’

आमच्याकडे लढाई म्हणजे पूर. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तिकडे गंगापूर धरणातून पाणी सोडलं की इकडे सायखेडा आणि चांदोरी जागी होतात. पुलाला पाणवेली येऊन अडकतात, हिरवा गालिचा अंथरल्यासारख्या, आणि मग जेसीबी त्या ओढत बसतो. अशा रात्री जो कोणी सरपंच असेल त्याचं नशीब खोटं. त्याने आधीच दवंडी देऊन पेठेतली दुकानं रिकामी करायला लावली आणि पाणी पायरीपाशी येऊन परत गेलं, तर ‘उगाच हमाली करायला लावली’. तो थांबला आणि पाणी आत शिरलं, तर ‘झोपला होता का?’ टळलेल्या संकटाला पंचनामा नसतो. त्यामुळे ते टाळणाऱ्याच्या खाती काहीच पडत नाही.

युद्धाच्या काळात खुर्चीवर असलेल्या माणसाचं दुखणं याच जातीचं, फक्त पाणी जास्त खोल. जाताना असा माणूस एक वाक्य हमखास बोलतो: माझा न्याय इतिहास करील. निवडणूक हरलेला आमच्याकडे ‘जनता जनार्दनाचा कौल मान्य’ म्हणतो, तसंच हे. अमेरिकेत हे वाक्य खरं करून दाखवलं हॅरी ट्रूमन यांनी. कोरियाचं युद्ध चिघळलेलं, मॅकआर्थरसारख्या लाडक्या सेनापतीला 1951 मध्ये घरी पाठवलेलं. पुढच्या वर्षी जनमत चाचणीत त्यांचं काम पसंत असणारे शंभरात 22 उरले. 1953 च्या जानेवारीत गृहस्थ रेल्वेत बसले आणि मिझुरीतल्या आपल्या गावी गेले. आज तिथले इतिहासकार अध्यक्षांची प्रतवारी लावतात तेव्हा ट्रूमन पहिल्या दहांत असतात. त्यामुळे तिकडे नंतरचा प्रत्येक पडेल अध्यक्ष ट्रूमनच्या रांगेत जाऊन उभा राहतो. धाकटे बुशही राहिले. पण रांगेत उभं राहिलं म्हणून नंबर लागतोच असं नाही. लिंडन जॉन्सननी नागरी हक्कांचा कायदा केला, म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याची सोय केली, तरी व्हिएतनाम त्यांच्या उरावरून अजून पुरतं उतरलेलं नाही.

मला इतिहास न्यायाधीश वाटतच नाही. तो तलाठी वाटतो. सातबाऱ्यावर नाव चढतं, नाव उतरतं, फेरफाराची नोंद होते, हरकतीला मुदत असते. वारस हुशार आणि हजर असेल तर नोंद झटपट लागते; नसेल तर जमीन कसणारा एक आणि उताऱ्यावर भलताच. शिवाय ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. त्यात सोसायटीचं कर्ज, बँकेचा बोजा. कर्ज फिटून वर्षं लोटली तरी तो बोजा आपण होऊन जात नाही. कोणीतरी दाखला जोडून अर्ज करावा लागतो. अर्ज करायला कोणी उरलंच नसेल तर आजोबांचं बैलजोडीचं कर्ज नातवाच्या उताऱ्यावर दिमाखात नांदतं. ट्रूमनचे अर्जदार तगडे होते. 1992 मध्ये डेव्हिड मॅककलो यांनी त्यांचं हातभर जाड चरित्र लिहिलं, त्याला पुलित्झर मिळालं, आणि बोजा कमी झाल्याची नोंद पक्की झाली.

न्यायाधीशच हवा असेल तर तो आमच्या तालुक्याच्या गावीच जन्माला आला होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, जन्म निफाड, 1842. न्यायमूर्ती आणि इतिहासकार एकाच पगडीत, असा योग पुन्हा येणे नाही. पण त्यांनी पुस्तक लिहिलं ते मराठ्यांच्या सत्तेच्या उत्कर्षावर. ऱ्हासाचा खटला त्यांच्या बोर्डावर आलाच नाही. तो चालला असता तर पहिला आरोपी आमच्या नदीवरचाच निघाला असता.

रघुनाथराव पेशवे, म्हणजे दादासाहेब, म्हणजे राघोबा, यांचं आयुष्य गंगेच्या काठाने वाहिलं. वरच्या अंगाला नाशिकजवळ आनंदवल्लीला वाडा. खालच्या अंगाला कोपरगाव, तिथे शेवट. मध्ये आम्ही. म्हणजे दादासाहेबांची पुण्याई, पाप, जे काही वाहून गेलं असेल ते आमच्या घाटावरूनच गेलं असणार. आनंदवल्लीला नवश्या गणपती आहे. दादा आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या काळातलं देऊळ म्हणून ते ओळखलं जातं. तिथे नवस बोलायला नाशिकचं निम्मं शहर जातं. मुलाला नोकरी लागू दे, मुलीचं जमू दे. त्या नवसांत ‘पेशवाईत कोणाची बाजू बरोबर होती’ हा प्रश्न कोणी घालत नाही.

या माणसाच्या नावावर जमेला काय आहे पाहा. 1758 च्या एप्रिलमध्ये मराठी फौज लाहोरात होती, सेनापती दादासाहेब. तिथून पुढे फौजा अटकेपर्यंत पोचल्या. तेव्हा दिल्लीत पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराणं होतं. त्यांचा वाडा आमच्या समोरच्या काठावर, चांदोरीत. म्हणजे उत्तरेच्या राजकारणाची खबर ज्या लोकांनी लिहून ठेवली ते आमचे नदीपलीकडचे शेजारी. पुढे त्यांचं दप्तर छापलंही गेलं. सायखेड्याला त्यातलं काय मिळालं विचाराल तर काही नाही. आम्ही तेव्हाही पलीकडे काय चाललंय एवढंच विचारत असू.

तर ही अटक. आज शाळेतल्या पोराला तालुक्यात चित्रकलेचं बक्षीस मिळालं तरी फलकावर लिहितात, ‘अटकेपार झेंडा’. हा झेंडा कोणी लावला? मराठ्यांनी. अनेकवचनी. सगळ्यांनी मिळून. नारायणराव पेशव्यांचा खून कोणी करवला? राघोबाने. एकवचनी, आणि ‘दादासाहेब’ वगैरे आदर काढून घेऊन. विजय सामाईक खात्यात आणि गुन्हा स्वतंत्र खात्यात, ही वाटणी आमच्या भावकीलाही इतकी सफाईने जमलेली नाही.

खून झाला तो 30 ऑगस्ट 1773 ला, शनिवारवाड्यात. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दादांना दोषी धरलं. गादीवर बसलेल्या माणसाला त्याच्याच न्यायाधीशाने त्याच्या तोंडावर सांगितलं. ज्या राज्याकडे असा शास्त्री असतो त्याला इतिहासाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. दादांनी मात्र पुढे स्वतःच स्वतःविरुद्ध पुरावे गोळा केले. 1775 मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह. साष्टी-वसई देऊ, पण मला गादीवर बसवा. मग सात वर्षं लढाई आणि तहनामे. 1779 मध्ये वडगावला इंग्रजांची फजिती झाली खरी, पण 1782 च्या सालबाईच्या तहाने सगळं आटोपलं तेव्हा दादांच्या वाट्याला उरलं काय, तर महिना 25 हजारांची नेमणूक आणि कोपरगाव. तिथे दुसऱ्याच वर्षी, डिसेंबर 1783 मध्ये, ते वारले.

आनंदीबाईंचं तर आणखी वाईट झालं. ‘ध’ चा ‘मा’ त्यांच्या नावावर चढला तो चढलाच. त्यांच्याविरुद्ध सबळ पुरावा इतिहासकारांच्या हाती लागलेला नाही, पण शाळेच्या गॅदरिंगमध्ये ऐतिहासिक नाटुकलं बसवायचं म्हटलं की वर्गातल्या सगळ्यांत तेज मुलीला आनंदीबाई करतात आणि दौत-टाक हातात देतात. बाई 1794 मध्ये गेल्या. त्यांच्या बाजूने अर्ज करणारा वारस कोण? मुलगा. आणि मुलगा म्हणजे दुसरा बाजीराव.

आता अर्जदारच असा असेल तर प्रकरण दप्तरी दाखल व्हायचंच. दुसऱ्या बाजीरावाबद्दल बोलायला नवीन काही नाही. 1802 मध्ये यशवंतराव होळकरांपुढून पुणं सोडलं, वसईला इंग्रजांच्या पदरात जाऊन पडला, 1818 च्या जूनमध्ये माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या स्वाधीन झाला आणि वर्षाला आठ लाखांच्या पेन्शनीवर ब्रह्मावर्ताला जाऊन राहिला. ‘पळपुटा’ हे विशेषण त्याच्या नावाला असं चिकटलं की पोरांना ते आडनाव वाटतं. इंग्रजांना वाटलं असेल, हा चार-दोन वर्षांत आटपेल. तो 1851 पर्यंत जगला. बत्तीस-तेहतीस वर्षं पेन्शन! कंपनी सरकारला याने रणांगणात दमवलं नसेल, पण तिजोरीत दमवलं, एवढं तरी मान्य करायला हरकत नाही.

आणि गंमत पुढे आहे. त्या पेन्शनीच्या वाड्यात दत्तक नानासाहेब वाढले. आमच्या येवल्याच्या पांडुरंगराव टोप्यांचा मुलगा, म्हणजे तात्या टोपे, बाजीरावाबरोबर गेलेल्या कुटुंबातला, तिथेच मोठा झाला. मनकर्णिका, पुढची झाशीची राणी, तीही त्याच अंगणातली. 1857 चे निम्मे पुढारी पळपुट्याच्या घरचं मीठ खाऊन तयार झाले. पण येवल्यात पुतळा तात्यांचा. बाजीरावाच्या उताऱ्यावर याची एक ओळही नाही. पोरं लढली म्हणून बापाला शूर म्हणा असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या ओसरीवर घोड्यावर बसायला शिकली, त्याच्या शिधापाण्याचा तरी उल्लेख असावा.

हे सगळं जुनं झालं. मला खरी गोष्ट सांगायची आहे ती ओझरची. ओझर आमच्या निफाड तालुक्यातलंच, आणि तिथे विमानांचा कारखाना आहे. गोडी छाटणी चालू असते, माणूस द्राक्षाच्या मांडवाखाली मान वर करून कात्री चालवत असतो, आणि अचानक आभाळ फाडल्यासारखा आवाज येतो. नवीन मजूर असला तर कात्री टाकतो. जुना असला तर डोळे न मिटता एवढंच म्हणतो, ‘सुखोई.’ मांडवातून दिसत काही नाही, विमान तोवर पुढे गेलेलं असतं. आवाज मागून येतो. आमच्या भागातल्या बायकासुद्धा आवाजावरून सुखोई की दुसरं काही हे सांगतील, इतका कान तयार झालाय.

हा कारखाना 1964 मध्ये उभा राहिला. लोक अजून त्याला ‘मिग’च म्हणतात. ‘पोरगा मिगमध्ये लागला’ म्हटलं की स्थळ पक्कं व्हायला अडचण नसायची. या गावाचं नावच ‘ओझर मिग’ होऊन बसलंय. मिकोयान आणि गुरेविच या दोन सोव्हिएत अभियंत्यांच्या नावांची ती आद्याक्षरं. कुठले कोण ते मिकोयान-गुरेविच, आणि आमच्या कंडक्टरच्या तोंडी त्यांचं नाव रोज असतं. ‘मिगवाले, उतरा चला!’

आता हा मिग भारतात आणायचा घाट कोणी घातला? व्ही. के. कृष्ण मेनन यांनी. संरक्षणमंत्री असताना, 1962 च्या ऑगस्टमध्ये, सोव्हिएत संघाशी मिग-21 भारतातच बनवण्याचा करार झाला तो त्यांच्या पुढाकाराने. दोन महिन्यांनी चीन आला. आणि मेनन हे स्वतंत्र भारतातले बहुधा सर्वांत नावडते मंत्री ठरले.

नावडते व्हायला कारणं होती, ती लपवायची गरज नाही. तोंड तिखट. 1959 मध्ये लष्करप्रमुख थिमय्यांशी इतकं फाटलं की त्यांनी राजीनामा दिला. नेहरूंनी तो मागे घ्यायला लावला. बढत्यांत ढवळाढवळ. सैनिकांना डोंगरात धड कपडे नाहीत आणि मंत्र्यांचं भाषण मात्र लांबलचक. भाषणाचा लौकिक तर जगभर: काश्मीरवर 1957 मध्ये संयुक्त राष्ट्रांत दोन दिवस मिळून जवळजवळ आठ तास बोलले. आमच्याकडचे वार्षिक सभेतले वक्ते त्यांच्यापुढे मितभाषी म्हणावे लागतील. दारूगोळा कारखान्यांत कॉफीची भांडी बनवतात, असा टोमणा त्यांना मारला जाई. मेनन यांच्या बाजूचे म्हणत, अर्थखात्यात मोरारजीभाई पैसा सोडत नव्हते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, पण पराभवाच्या आठवड्यात दोन्ही ऐकून घ्यायला वेळ कोणाकडे असतो? ऑक्टोबरअखेर संरक्षण खातं गेलं, 7 नोव्हेंबरला मंत्रिपदही. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ज्या मुंबईने आचार्य कृपलानींसारख्या माणसाविरुद्ध त्यांना भरभरून मतं दिली होती, तिनेच 1967 मध्ये, पक्षाने तिकीट नाकारल्यावर, स. गो. बर्व्यांकडून त्यांना हरवलं. बर्वे लगेच वारले. पोटनिवडणूक झाली. मेनन पुन्हा उभे राहिले आणि बर्व्यांच्या भगिनी तारा सप्रे यांच्याकडून पुन्हा पडले. भावाकडून आणि बहिणीकडून, एकाच वर्षात. नंतर मिदनापूर आणि तिरुवनंतपुरमने त्यांना लोकसभेत पाठवलं, पण 1974 मध्ये गेले तेव्हा लोकांना आठवत होतं ते बासष्टच.

आणि बासष्टला त्यांच्या जागी आले ते आपले यशवंतराव चव्हाण. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे वाक्य महाराष्ट्रात तेव्हापासून पाठ आहे. त्यांचा शपथविधी 21 नोव्हेंबर 1962 चा, आणि चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली तीही त्याच दिवसाची. सह्याद्री पोचेपर्यंत लढाई आटपली होती, असं कोणी खोडसाळपणे म्हणू शकेल. मी म्हणणार नाही, कारण पुढचं काम अवघड होतं. मोडलेलं सैन्य उभं करायचं, सेनापतींशी नीट बोलायचं, आणि 1965 ला पाकिस्तानपुढे उभं राहायचं. ते त्यांनी केलं. ज्याला हे सगळं करायचं होतं तो माणूस लोकसभेवर हवा म्हणून 1963 मध्ये नाशिकने त्यांना बिनविरोध निवडून दिलं. बिनविरोध! आमच्याकडे सोसायटीची निवडणूक बिनविरोध होताना दोन बैठका, एक पंगत आणि तीन रुसवे लागतात. आणि मग वर्षभरात कारखाना ओझरला आला. इंजिनांचं काम कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्सचं हैदराबादला, आणि सांगाडा जोडून विमान उभं करायचं ते ओझरला. नाशिकने यशवंतरावांना दिल्लीला पाठवलं, यशवंतरावांनी नाशिकला मिग दिला, असा सरळ हिशोब आमच्या भागात सांगतात, आणि तो खोटा नाही.

फक्त फेरफार बघा कसा झाला. करार मेनन यांच्या कारकिर्दीतला, कारखाना यशवंतरावांच्या नावावर. आणि बासष्टचा पराभव मेनन यांच्या इतर हक्कात, कायमचा. मेनन अविवाहित. पक्ष सुटलेला. मुंबईने पाडलेलं. स्वतःचा गट त्यांनी कधी बांधला नाही, आणि ज्यांना दुखावलं त्यांची संख्या मोठी. अर्ज करणार कोण? 2019 मध्ये जयराम रमेश यांनी त्यांचं भलंमोठं चरित्र लिहिलं, तो एक अर्ज म्हणायचा. पण पराभवाच्या चौकशीचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे प्रसिद्धच केलेला नाही. म्हणजे मूळ दाखलाच कपाटात, मग बोजा कमी करायचा की वाढवायचा हे ठरणार कसं?

मला मेननना हार घालायचा नाही. थंडीत कुडकुडलेल्या जवानांचा हिशोब विमानाच्या कारखान्याने फिटत नाही. पण दोन नोंदी एकाच माणसाच्या असताना त्यातली एक दुसऱ्याच्या उताऱ्यावर जाते, आणि तेही कोणी खोडसाळपणा न करता, नुसतं हौसेने आणि प्रेमाने, हे मला मोठं मजेदार वाटतं. यशवंतरावांनी स्वतः काही ओढून घेतलं नाही. आम्हीच दिलं. आपल्या माणसाच्या नावावर चांगली नोंद चढवायला आपण कुठे मागे राहतो?

2025 च्या सप्टेंबरात मिग-21 चंदिगडला निवृत्त झालं. टीव्हीवर मानवंदना, जुने वैमानिक, डोळ्यांत पाणी. पुढच्याच महिन्यात ओझरहून तेजसच्या नव्या अवताराने पहिली भरारी घेतली. त्या दिवसांत ओझरचे एक निवृत्त काका कांद्याच्या कामाने आमच्या बाजारात आले होते. उभा जन्म मिगच्या पंखांना रिव्हेट मारण्यात गेलेला. लिलावाला अवकाश होता, चहा मागवला, आणि मी माझं सगळं तत्त्वज्ञान त्यांच्यापुढे मांडलं. ट्रूमन, राघोबा, येवला, सगळं. काका शांतपणे बशीतून चहा पीत होते.

‘तर काका, कारखान्यात कुठे मेननचं नाव आहे का? एखाद्या गेटला, हॉलला?’

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. खरोखर आठवून पाहत होते.

‘मेनन कोणता? केरळचे पुष्कळ होते आमच्याकडे. स्टोअरला एक होता, इन्स्पेक्शनला एक होता. इन्स्पेक्शनवाला फार कडक. रिव्हेट केसभर वाकडा दिसला की सगळी ओळ काढायला लावायचा. शिव्या घालायचो आम्ही त्याला.’

‘मग?’

‘मग काय, रिटायर झाला. आता सगळे म्हणतात, माणूस चांगला होता. चला, लिलाव सुरू झाला वाटतं, माझा ट्रॅक्टर चौथा आहे.’